ताटातल्या कॅलरी आणि मोबाइलमधला सल्ला

(मालवण येथे तरुण मित्रमैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता, 'वजन आणि साखर सांभाळायला कोणतं ॲप चांगलं?' मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून हा विषय माझ्याकडे आला असावा. डॉक्टर मी नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. त्यामुळे आज मी कुणाला काय खावं, काय खाऊ नये हे सांगणार नाही. मोबाइलमध्ये जे आकडे दिसतात ते कुठून येतात, गटांवर जो सल्ला येतो त्यातला कोणता धरावा, कोणता सोडावा, एवढंच बोलणार आहे. पण त्याआधी एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलायचा हक्क नाही असं मला वाटतं.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, पहाटे साडेचारला अम्मीचा फोन आला. मी तेव्हा पुण्यात. म्हणाली, ''अब्बा घामानं भिजलेत, काहीतरीच बडबडतायत, मला ओळखत नाहीत.'' आमच्या शेजारी एक मामी राहतात, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. अम्मीला म्हटलं, आधी त्यांना हाक मार. त्या धावत आल्या, बोटाला सुई टोचून साखर बघितली. ४८. अब्बांना गिळता येत होतं, म्हणून त्यांनी पाण्यात तीन चमचे साखर घालून ते घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी परत बघितली, मग थोडं दूध आणि बिस्किट दिलं. अर्ध्या तासानं अब्बा विचारत होते, ''एवढी माणसं कशाला जमलीत?''

झालं काय होतं? अब्बांना दहा-बारा वर्षांची साखर. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन औषधांची गोळी, सकाळ-संध्याकाळ. तीन आठवड्यांपूर्वी ते एका व्हॉट्सॲप गटात सामील झाले होते. तिथे कुणीतरी सांगितलं, रात्रीचं जेवण बंद करा, साखर मुळापासून जाईल. अब्बांनी जेवण बंद केलं. गोळी मात्र चालू ठेवली, कारण गोळीबद्दल गटात कुणी काही विचारलंच नव्हतं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न आलं नाही तरी ते आपलं काम करत राहतं.

आणि त्या गटाची लिंक अब्बांना मीच पाठवली होती. न वाचता, आलेली पुढे ढकलली होती. मी आता ज्या मोहिमांची नावं घेणार आहे, त्यांपैकी कुणाचाही तो गट नव्हता. गटाचं नाव सांगून उपयोगही नाही, कारण तसे गट शेकड्यांनी आहेत आणि या खोलीतल्या निम्म्या जणांच्या घरात त्यातला एखादा असेल.

आकडा येतो कुठून?

आधी ॲपकडे येऊ. माझं स्वतःचं वजन तेव्हा ८४ किलो होतं. दिवसभर खुर्चीत बसून काम, रात्री जेवण उशिरा. आपल्या लोकांसाठी बीएमआयची रेघ पाश्चात्त्यांपेक्षा खाली आहे हे लक्षात ठेवा. तिकडे २५ नंतर वजन जास्त मानतात, आपल्याकडे २३ नंतर. कारण बाहेरून बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्याही पोटात चरबी जास्त साठते. म्हणून कंबरही मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायची वेळ झाली असं समजा.

आपल्या देशात हा प्रश्न किती मोठा आहे? २०२३ साली आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले. मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख, आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले सुमारे १३ कोटी ६० लाख. दुसरा आकडा आपल्या वयाच्या लोकांनी नीट ऐकावा. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं.

मी सहा महिन्यांत चार ॲप वापरून बघितली. कुठल्याही ॲपमध्ये तुम्ही 'भात, एक वाटी' असं लिहिलं की समोर आकडा येतो. तो आकडा तीन टप्प्यांतून आलेला असतो आणि प्रत्येक टप्प्यावर चूक मिसळते.

पहिला टप्पा म्हणजे कॅलरीचं गणित. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञानं ते बसवलं. एक ग्रॅम पिष्टाचे ४, एक ग्रॅम प्रथिनाचे ४ आणि एक ग्रॅम चरबीचे ९. ही सरासरी आहे. प्रत्येकाच्या शरीरात ती तंतोतंत लागू पडत नाही, पण कामापुरती ठीक आहे.

दुसरा टप्पा म्हणजे माहितीसाठा, आमच्या भाषेत डेटाबेस. इथे खरी मेख आहे. मी एका ॲपमध्ये बांगडा शोधला. मिळाला नाही. मग 'मॅकरेल' शोधलं. लगेच मिळाला, १०० ग्रॅमला २०५ कॅलरी आणि जवळपास १४ ग्रॅम चरबी. मी महिनाभर तेच लिहीत राहिलो. नंतर कळलं की हा आकडा अमेरिकेच्या कृषी खात्याचा आहे आणि तो अटलांटिक महासागरातल्या मॅकरेलचा आहे. तो मासा वेगळा, आपला बांगडा वेगळा. आपल्यात चरबी बरीच कमी असते, आणि तीही हंगामाप्रमाणे बदलते. मालवणच्या बाजारातल्या कुठल्याही मावशीला विचारा, ती सांगेल कोणत्या महिन्यातला बांगडा चरबट लागतो. ॲपला ते माहीत नसतं.

तिसरा टप्पा म्हणजे आपण स्वतः. 'एक वाटी' म्हणजे कुणाची वाटी? आमच्या घरात चार मापांच्या वाट्या आहेत. मी पाचशे-सातशे रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला आणि नेहमी वाढून घेतो तेवढा भात तोलला. मी लिहायचो दीड वाटी. निघाला ३०० ग्रॅम, म्हणजे जवळपास ३९० कॅलरी. शिजलेल्या भाताचे १०० ग्रॅमला साधारण १३० धरतात. आणखी एक गडबड लक्षात ठेवा. कच्च्या तांदळाचे १०० ग्रॅमला साधारण ३५० असतात. शिजल्यावर पाणी पिऊन तोच तांदूळ अडीच-तीनपट वजनाचा होतो. ॲपमध्ये 'राइस' लिहिताना कच्चा निवडला की शिजलेला, यात आकडा अडीचपट चुकतो.

चार साधनं, चार स्वभाव

आता साधनांची तुलना करू.

मायफिटनेसपॅल हे २००५ पासूनचं, जगात सगळ्यात जास्त वापरलं गेलेल्यांपैकी एक. त्याचा माहितीसाठा प्रचंड, कारण त्यात वापरणारे लोकही भर घालतात. त्याचा फायदा हा की जवळपास काहीही शोधलं तरी सापडतं. तोटा हा की एकाच पदार्थाच्या दहा नोंदी दिसतात आणि दहा आकडे वेगळे. पाकिटावरचा बारकोड वाचायची सोय आधी फुकट होती, २०२२ पासून ती पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवली.

क्रोनोमीटर याच्या उलट. नोंदी कमी, पण निवडक, आणि प्रत्येक आकडा कुठून घेतला ते शेजारी लिहिलेलं. जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियमही दिसतं. ज्याला बारकाईनं बघायचंय त्याच्यासाठी उत्तम. पण आपलं जेवण त्यात शोधायला गेलात तर हात रिकामे. स्वतः पाककृती घालावी लागते.

हेल्दीफायमी हे आपल्याकडचं, २०१२ साली बंगळुरात सुरू झालेलं. पोळी, वाटी, चमचा या मापांत बोलतं, भारतीय पदार्थ ओळखतं. २०१७ पासून त्यात 'रिया' नावाची बोलकी मदतनीस आहे. माणसाचा सल्ला हवा तर पैसे भरावे लागतात.

चौथं सरकारी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं 'न्यूट्रिफाय इंडिया नाऊ'. दिसायला साधं, पण त्याच्या पाठीशी या संस्थेचंच काम आहे. याच संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून नमुने आणून ५२८ अन्नपदार्थ प्रयोगशाळेत तपासले, त्यात आपले मासेही आले. तुम्हाला बांगड्याचा आकडा हवा असेल तर तो तिथला घ्या, अमेरिकेचा नको.

पाकिटबंद मालासाठी ओपन फूड फॅक्ट्स आहे. २०१२ साली फ्रान्समध्ये सुरू झालेला मुक्त माहितीसाठा. विकिपीडियासारखा, कुणीही भर घालू शकतो, कुणाच्या मालकीचा नाही. आपल्या गावच्या दुकानातल्या फरसाणाच्या पाकिटामागचं लेबल तुम्ही स्वतः त्यात घालू शकता.

हल्ली ताटाचा फोटो काढला की कॅलरी सांगणारी साधनं आलीत. गंमत म्हणून ठीक. पण कॅमेऱ्याला आमटीतलं वाटलेलं खोबरं दिसत नाही आणि तव्यावर किती तेल सोडलं तेही दिसत नाही. आपल्या जेवणात कॅलरी नेमकी तिथेच असते. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. ४० ग्रॅम ओलं खोबरं म्हणजे १४० च्या आसपास. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम काजू, १६५. आणि चहा! अब्बांच्या दुकानात मी बसलो की दिवसाला पाच चहा व्हायचे, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम साखर, १६० ते २०० कॅलरी, आणि मी ती कधीच लिहिली नव्हती, कारण चहाला आपण खाणं मानतच नाही.

म्हणजे मग ॲप निरुपयोगी का? नाही. काटा रोज शंभर ग्रॅम जास्त दाखवत असला तरी वजन वाढतंय की कमी होतंय हे त्यावर कळतं, कारण चूक रोज तेवढीच असते. ॲपचंही तसंच. आजचे १,८४० खरे की खोटे यावर डोकं घालू नका. एकाच ॲपमध्ये, एकाच वाटीनं, दोन आठवडे प्रामाणिकपणे लिहा. त्यातून आपली सवय दिसते. मला दिसलं की माझं दुपारचं जेवण ठीकच होतं. रात्री साडेदहानंतरचं खाणं आणि चहातली साखर, एवढंच बदलायचं होतं. पाच महिन्यांत सहा किलो कमी झाले. एवढ्यासाठी मला पैसे भरावे लागले नाहीत.

लिहिण्याचं व्यसन

पण त्या पाच महिन्यांत आणखी एक गोष्ट झाली, तीही सांगतो. ॲप रोज लिहिल्याबद्दल साखळी मोजायचं. शंभर दिवस, दीडशे दिवस. ती साखळी तुटू नये यासाठी मी काहीही करायला लागलो. बहिणीच्या लग्नात बिर्याणीचं ताट समोर आलं आणि मी खिशातून काटा काढला. अम्मीनं बघितलं. काही बोलली नाही, पण त्या दिवसानंतर ती मला वाढताना विचारायला लागली, ''एवढं चालेल ना रे तुला?'' ज्या आईनं आयुष्यभर न विचारता वाढलं, तिला मी विचारायला लावलं. दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकलं.

मी सॉफ्टवेअर बनवतो, म्हणून सांगतो. ती साखळी, ती लाल-हिरवी रंगसंगती, रात्री येणारी आठवण, हे सगळं तुम्ही परत परत यावं म्हणून बसवलेलं असतं. तुमची तब्येत आणि त्यांचा धंदा यांचा रस्ता थोडा वेळ एक असतो, कायम नसतो. आपल्यातल्या मुलींना लग्न ठरायच्या सुमारास 'दोन महिन्यांत दहा किलो' असं सांगितलं जातं. जिममधल्या मुलांना आणखी काही. जेवल्यावर अपराधी वाटू लागलं, लपून खाणं सुरू झालं, किंवा जेवण टाळण्यात समाधान वाटू लागलं, तर ॲप बंद करा आणि कुणाशी तरी बोला. सरकारची 'टेली मानस' ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येतं.

दीक्षित, दिवेकर आणि आपले गट

आता गटांकडे. मराठी माणसाला आरोग्याच्या ऑनलाइन गटांचा अनुभव जितका आहे, तितका फार कमी भाषांत असेल. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या कल्पनेवरून, दिवसातून दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि रोज ४५ मिनिटं चाला, असा प्रचार सुरू केला. गावोगावी मोफत व्याख्यानं आणि जोडीला व्हॉट्सॲपचे गट. २०१९ मध्ये राज्य सरकारनं लठ्ठपणाविरुद्धच्या मोहिमेसाठी त्यांची निवड केली. त्याच काळात ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं अगदी वेगळं होतं. थोड्या थोड्या वेळानं खा, आपल्या भागात पिकतं ते खा, भाताला आणि तुपाला घाबरू नका. त्यांनीही २०१८ मध्ये बारा आठवड्यांचा मोफत उपक्रम ऑनलाइन चालवला. महाराष्ट्रात घराघरांत वाद झाले. आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष पडले होते.

कोण बरोबर, हा माझा विषय नाही. पण एक बघा. दोघांनी मिळून मराठीत आहाराची चर्चा सामान्य माणसापर्यंत नेली, आणि तीही फुकट. कॅलरी मोजायला न लावता. आमच्या अम्मीसारख्या बाईला 'दोनदा जेवा' किंवा 'आपलं स्थानिक खा' हे कळतं. 'आज ३२० कॅलरी शिल्लक आहेत' हे कळून काय करायचं? दीक्षितांच्या पद्धतीत सुरुवातीलाच एचबीए१सी आणि उपाशीपोटी इन्सुलिन तपासून घ्यायला आणि तीन महिन्यांनी परत तपासायला सांगतात. ही सवय चांगली. एचबीए१सी ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. आधी आणि नंतर मोजलं नाही, तर 'मला फरक पडला' याला काही अर्थ नाही.

माणसांचा गट ॲपला जे जमत नाही ते करतो. चालायला सोबत देतो, हरलेल्या दिवशी धीर देतो. पण गटाला एक गोष्ट कधीच माहीत नसते. तुमची औषधाची चिठ्ठी. एकच सल्ला दोन माणसांना दोन प्रकारे लागतो. नुसती मेटफॉर्मिन घेणारा एक वेळ जेवला नाही तर साखर फार खाली जायचा धोका कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला तो धोका बराच. आपल्याकडचंच दुसरं उदाहरण घ्या. शहाळ्याचं पाणी. निरोगी माणसाला उत्तम. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला मात्र त्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं. 'शहाळं प्या, किडनी साफ करा' असा मेसेज कोकणात किती फिरतो ते तुम्हीच आठवा.

म्हणून मी आता कुठल्याही गटाला तीन प्रश्न लावतो. सल्ला देणारा माणूस आपलं नाव आणि पात्रता उघड सांगतो का? औषधं चालू असणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आहे का? आणि सल्ल्याच्या शेवटी काही विकलं जातं का, पावडर, काढा, कोर्स? पहिल्या दोनांचं उत्तर 'नाही' किंवा तिसऱ्याचं 'हो' असेल, तर मी बाहेर पडतो. आणि लिंक पुढे पाठवत नाही.

रमजानचा महिना

आपल्या घरांमध्ये हा प्रश्न दरवर्षी एक महिना अधिक टोकदार होतो. २००१ मध्ये १३ देशांतल्या १२,२४३ मधुमेही मुस्लिमांची मोठी पाहणी झाली, एपिडायर नावाची. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे धरले होते. आणि रुग्णालयात न्यावं लागेल इतकी साखर खाली जाण्याचं प्रमाण त्यांच्यात एरवीच्या साडेसातपट झालं होतं.

याचा अर्थ रोजा धरू नका असा नाही. त्याची तयारी आधी करा असा आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि मधुमेह-रमजान आघाडी यांनी २०२१ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत गुण देऊन धोका मोजायची पद्धत दिली आहे. किती वर्षांचा आजार, कोणतं औषध, मूत्रपिंड कसं आहे, साखर याआधी कधी खाली गेली होती का, अशा गोष्टींचे गुण. बेरीज तीनपर्यंत असेल तर धोका कमी, सहाच्या वर गेली तर जास्त. ही तपासणी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे व्हायला हवी, म्हणजे गोळीची मात्रा आणि वेळ बदलता येते. रोज्यात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडायचा. बोटाला सुई टोचून साखर बघितल्यानं रोजा तुटत नाही. आजारी माणसाला रोज्याची सवलत कुरआननंच दिली आहे. तरीही आमच्या अब्बांच्या पिढीला ती घ्यायला लाज वाटते. 'लोक काय म्हणतील' याचं ओझं त्यांच्यावरून उतरवणं हे आपलं, मुलांचं काम आहे.

ॲपचा इथे उपयोग जवळपास शून्य. दुपारी एक वाजता ते विचारतं, ''जेवण लिहायचं राहिलं का?'' आठवणी बंद करून टाका. एवढंच मोजा की सहरीला पोटभर पाणी आणि सावकाश पचणारं अन्न गेलं का, आणि इफ्तारला तळलेलं किती आलं.

आपली माहिती, आपल्या घरात

एक गोष्ट माझ्या धंद्यातली. २०१८ साली मायफिटनेसपॅलच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेल्याचं त्या कंपनीनंच जाहीर केलं. नावं, ईमेल, सांकेतिक रूपातले पासवर्ड. मोठ्या कंपन्यांचंही असं होतं. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. तरी आरोग्याची माहिती एकदा बाहेर गेली की कायदा ती परत आणून देत नाही.

पण चोर नेहमी दूरचाच नसतो. आपल्या घरांत एक मोबाइल तिघे वापरतात. पीसीओएसच्या एखाद्या गटात मुलीनं टाकलेला रिपोर्ट, त्यावर नाव, वय, मोबाइल नंबर सगळं. त्याचा स्क्रीनशॉट उद्या सोयरिकीच्या बोलण्यात येऊ शकतो. रिपोर्ट टाकायचाच असेल तर नाव-नंबर कापून टाका. ॲपसाठी वेगळा पासवर्ड ठेवा. ॲप संपर्कयादी मागत असेल तर देऊ नका. भाताची वाटी मोजायला त्याला तुमच्या मामाचा नंबर कशाला हवा?

आपण काय करू शकतो

शेवटी कामाचं बोलू. मी तुम्हाला नवा गट काढायला सांगत नाही. तीन लहान गोष्टी सुचवतो.

पहिली, घरातल्या मोठ्यांच्या औषधांची एक चिठ्ठी करा. गोळीचं नाव, मात्रा, वेळ. कागदावर, मोठ्या अक्षरांत, फ्रिजवर. त्याच कागदावर खाली लिहा: घाम, थरथर, बडबड सुरू झाली तर साखर तपासा, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

दुसरी, तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी उपकेंद्रात मोफत तपासतात. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून नेतात. एका रविवारी आपापल्या वाडीतल्या मोठ्यांना गाडीवर बसवून घेऊन जा. तज्ज्ञासाठी दरवेळी बांबोळी गाठायची गरज नसते. ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी मोबाइलवर बोलता येतं. तिथे मुलांनी शेजारी बसून मदत केली तर आईवडील बोलतात, नाहीतर फोन ठेवून देतात.

तिसरी, आपल्या जेवणाची आपली यादी. उकड्या तांदळाची पेज, आंबोळी, घावणे, सांदण, तिसऱ्यांचं सुकं, कोंबडी-वडे. यातले बरेच पदार्थ ॲपमध्ये नाहीत, किंवा आहेत ते अंदाजपंचे. काटा घेऊन आपल्या आयांच्या स्वयंपाकघरात बसा, किती खोबरं, किती तेल, किती माणसांत वाटलं ते लिहा, आणि पोषण संस्थेच्या तक्त्यांवरून बेरीज करा. पंचवीस पदार्थ झाले तरी पुरे. मी बेरजेचं काम करून देईन. ही यादी आपण मराठीत मोफत ठेवू, ज्याला हवी त्यानं घ्यावी.

अब्बा आता बरे आहेत. डॉक्टरांनी गोळी बदलली. रात्री ते लवकर जेवतात, थोडं जेवतात, पण जेवतात. संध्याकाळी रॉक गार्डनपर्यंत चालत जातात, तीन मित्रांबरोबर. त्या चौघांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. त्यात फक्त एवढंच येतं, ''निघालो.'' तो गट मी बघितलाय. तिन्ही प्रश्न लावायची वेळ आली नाही.

आता तुमचे प्रश्न विचारा, आणि कुणाच्या घरात ग्लुकोमीटर नसेल तर बैठकीनंतर मला भेटा.